देवमाशाचे दात कुठे गेले?

मेधा : बाई, प्राणिशास्त्र तुमच्याकडे शिकले आणि झाले दातांची डॉक्टर. त्यामुळे प्रश्न दातांचाच. निळ्या देवमाशाच्या तोंडात एकही दात नाही. त्याच्या पूर्वजांना तरी होते का?

बाई : होते की! आणि पूर्वजांचं कशाला, त्याला स्वतःलाही येतात, फक्त आईच्या पोटात असताना. गर्भाच्या जबड्यात दातांचे अंकुर धरतात, थोडे वाढतात आणि जन्माआधीच शरीर ते शोषून घेतं. मग वरच्या जबड्यातून बलीनच्या पट्ट्या फुटतात. हे दात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच फ्रान्समध्ये जॉफ्र्वा सँ-हिलेर यांनी पाहिले होते. डार्विननेही १८५९च्या पुस्तकात त्यांचा दाखला दिला.

मेधा : बलीन म्हणजे एक प्रकारचं हाडच ना?

बाई : छे, केराटिन. तुझी नखं ज्याची, त्याचंच. पट्ट्या जन्मभर वाढत राहतात, आतली कड झिजते आणि तिच्यातले राठ तंतू मोकळे होऊन एकमेकांत गुंततात. तोंडभर पाणी घ्यायचं, बाहेर लोटायचं, जाळीत अडकेल ते गिळायचं. निळ्या देवमाशाचं खाणं म्हणजे क्रिल, आपल्या जवळ्यासारखे बारीक जीव. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार उत्तर पॅसिफिकच्या पूर्व भागातला निळा देवमासा हंगामात दिवसाला सुमारे १६ टन क्रिल खातो. सगळ्यांना क्रिलच लागतं असं मात्र नाही. सिंधुदुर्गापुढच्या समुद्रात दिसणारे ब्रायडीज देवमासे लहान माशांचे थवेही गिळतात.

मेधा : म्हणजे चावायची गरज उरली नाही, म्हणून दात गेले.

बाई : हे वाक्य परीक्षेत लिहिलं असतंस तर अर्धेच गुण दिले असते. गरज संपली म्हणून अवयव आपणहून निघून जात नाही. दातांच्या जनुकात बिघाड झालेलं पिल्लू एरवी उपाशी मरेल. दातांवाचून अडत नसेल तर ते जगतं आणि बिघाड पुढच्या पिढीत जातो. एनॅमल घडवणारी जनुकं या देवमाशांत आजही आहेत, पण मोडक्या अवस्थेत. गंमत अशी, की आधी तपासलेल्या जनुकांत सगळ्या जातींत सारखा असा एकही बिघाड निघाला नाही. सगळ्यांचा पूर्वज एकदाच बिनदाताचा झाला असेल, तर निदान एक बिघाड सगळ्यांत सारखा हवा ना? तो २०११मध्ये सापडला, एमएमपी२० या जनुकात. डीएनएचा एक उपरा तुकडा मध्येच घुसलाय, आणि आज जिवंत असलेल्या बलीन देवमाशांच्या सगळ्या शाखांत तो त्याच जागी आहे.

मेधा : एमएमपी२०? त्यात दोष असलेली मुलं आमच्याकडे येतात. एनॅमल मऊ, पिवळट, सहज झिजणारं.

बाई : तेच जनुक. तुझ्या दवाखान्यात तो आजार, इथे तो वंशावळीचा पुरावा.

मेधा : पण मधल्या काळाचं काय? दात गेलेत आणि बलीन अजून आलेलं नाही, असा प्राणी खाणार काय?

बाई : भांडण तिथेच आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर जॅनज्युसीटस मिळाला, सुमारे २.५ कोटी वर्षांपूर्वीचा. वंशाने बलीनवाल्यांचा, पण दात मोठे, लचके तोडणारे. ओरेगनमधल्या एटिओसीटसलाही दात आहेत, शिवाय टाळूच्या हाडात बारीक छिद्रं. आजच्या देवमाशांत अशा छिद्रांतून बलीनला रक्तपुरवठा होतो. म्हणून २००८मध्ये डेमेरे आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की दात आणि बलीन काही काळ एकत्र नांदले.

मेधा : पटण्यासारखं आहे.

बाई : पटतं, म्हणूनच मी जरा सावध असते. २०१८मध्ये कार्लोस पेरेडो आणि सहकाऱ्यांनी ओरेगनचीच एक जुनी कवटी सीटी स्कॅन करून पाहिली. नाव मायाबलीना, वय सुमारे ३.३ कोटी वर्षं. दात नाहीत, आणि टाळूही बलीन पेलेल अशी नाही. त्यांच्या मते हा प्राणी भक्ष्य थेट तोंडात ओढून घ्यायचा. म्हणजे आधी दात गेले, बलीन नंतर आलं.

मेधा : थांबा. मायाबलीना तर दातवाल्या जॅनज्युसीटसपेक्षा जुना!

बाई : बरोबर पकडलंस. ही शिडी नाही गं, भाऊबंदकी आहे. एक घर बिनदाताचं झालं तरी चुलत घरं लाखो वर्षं दात घेऊन जगली. त्यामुळे एखाद्या हाडावरून 'हाच मधला दुवा' म्हणणाऱ्या बातम्यांचा मला कंटाळा येतो.

मेधा : आणि त्या टाळूच्या छिद्रांचं काय? हिरडीला आणि दातालाही रक्त लागतंच की.

बाई : टीकाकारांचा आक्षेप नेमका हाच. २०२२मध्ये डेमेरे आणि एकडेल यांनी एटिओसीटसची कवटी स्कॅन करून छिद्रांपासून आत जाणाऱ्या नलिकांचा माग काढला आणि आपला मुद्दा पुन्हा मांडला.

मेधा : मग थेट बलीनच का शोधत नाहीत?

बाई : केराटिन कुजतं, हाडासारखं टिकत नाही. पेरूच्या पिस्को भागात बलीनसकट सांगाडे मिळालेत, पण ते फार नंतरचे, तोवर सगळं घडून गेलेलं होतं.

मेधा : आणि उद्या एका जबड्यात दात आणि शेजारी बलीनचा ठसा, दोन्ही सापडले तर?

बाई : तर पेरेडोंना बरंच काही नव्याने लिहावं लागेल. तरी मायाबलीनाची ती टाळू आहे तशीच राहील, आणि तिचं उत्तर डेमेरेंना द्यावंच लागेल.