रंगाआधी भिंत

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

घराला स्वतः रंग देणार आहेस हे चांगलंच, पण पत्रात छटांबद्दल दोन पानं आणि भिंतीबद्दल एक ओळ, हे उलटं झालं. रंग टिकतो तो भिंतीच्या जिवावर. निघालेला पोपडा उलटा करून बघ. जुन्या घरात त्याच्या पाठीला बहुधा पांढरी पूड चिकटलेली असते. म्हणजे रंगाने चुना सोडलेला नाही, चुन्यानेच भिंत सोडली आहे. अशा भुसभुशीत चुन्यावर महागडं इमल्शन मारलं तरी ते त्याच्यासकट गळणार. म्हणून आधी चुना खरवड, भेगा भर, मग लांबीचे दोन पातळ हात दे. एकच जाड हात दिलास तर तडकेल. पॉलिश पेपर मारताना पेटता बल्ब भिंतीला खेटून धर, समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीचे उंचवटे तिरप्या उजेडात उघडे पडतात. धूळ पुसल्यावर तळवा फिरव; पूड लागली तर प्राइमरला थांब. दारं-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट मात्र कोरडा घासू नकोस. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. पाणी लावून घास, आणि पोरांना त्या खोलीत फिरकू देऊ नकोस.

तू म्हणशील, एवढं करत बसलो तर दिवाळी निघून जाईल. जाऊ दे. पावसाळाभर भिजलेली भिंत वरून कोरडी दिसली तरी आत ओली असू शकते, आणि ते पाणी बाहेर पडताना क्षार घेऊन येतं, रंगाला फोड आणतं. वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर लाव आणि दुसऱ्या दिवशी काढ. आतून दमट निघाला तर रंगाचा डबा उघडूच नकोस. ‘वॉटरप्रूफ रंग मारला की ओल थांबते’ असं दुकानदार सांगेल. पण पाणी येतं बाहेरच्या भेगेतून किंवा न्हाणीघराच्या गळक्या नळातून. आतून रंग लावल्याने ते थांबत नाही, फार तर हातभर पलीकडे फुटतं. आधी गळती काढ. खर्च कमी करायचा असेल तर रंग साधा घे, लांबी-प्राइमरमध्ये काटकसर नको. आणि रंग पुरवण्यासाठी डब्यावर लिहिलंय त्याहून जास्त पाणी घालू नकोस, नाहीतर दोन हातांचं काम तीन हातांवर जाईल. एका खोलीचे सगळे डबे एकाच बादलीत कालवून घे. एकाच नंबरच्या दोन डब्यांतही छटेचा फरक निघतो, आणि तो नेमका दर्शनी भिंतीच्या मधोमध दिसतो.

तुझी,
मावशी