क्रिएटिनिनचा निर्वाळा

प्रश्न : आईचे वय ६५, अंगकाठी कृश, मधुमेह १२ वर्षांचा. क्रिएटिनिन १.१ आले, मूत्रपिंडे शाबूत समजावीत काय?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : क्रिएटिनिन हे स्नायूंच्या झिजेतून निघणारे द्रव्य असल्यामुळे, ज्या देहात स्नायूच तुटपुंजे आहेत तेथे मूत्रपिंडांचे सामर्थ्य बरेच ओसरल्यावरही हा आकडा सभ्यपणे मर्यादेतच राहतो. वय व लिंग जमेस धरून गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, काढली असता, पंचविशीच्या तरुणाच्या बाबतीत सुमारे ९५ दर्शविणारे हेच १.१ आपल्या मातोश्रींच्या बाबतीत ५६च्या आसपास उतरते; आणि ६०खालील आकडा तीन महिने टिकला, तर तो जुनाट विकार मानतात. मात्र एका कागदावर निवाडा करू नये. आदल्या रात्रीचे सावजी मटण किंवा वैशाखातील उन्हाने आटलेले शरीर, दोन्ही क्रिएटिनिन चढवितात. संशय उरल्यास सिस्टॅटिन सी तपासावे. त्यावर स्नायूंचा अंमल फारसा चालत नाही. रक्ताइतकीच लघवीतील अल्ब्युमिनची तपासणीही वर्षातून एकदा अगत्याची, कारण गाळणी गळू लागल्याची वर्दी बहुधा तीच प्रथम देते. ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपर्यंतची गळती क्षम्य. विदर्भात सिकलसेल पुष्कळ घरांत आढळतो, तेथे मधुमेहाच्या एचबीए१सी या रक्तचाचणीचा आकडा फसवा निघू शकतो, हेही डॉक्टरांच्या कानी घालावे. आणि मूत्रपिंडांना बाधू शकणाऱ्या गुडघेदुखीच्या गोळ्या परस्पर आणीत असाल, तर त्या आजच बंद करून डॉक्टरांना विचारा.