गरजाधारित बिनव्याजी शैक्षणिक कर्ज : संकल्पना, अनुभव आणि आव्हाने

उच्च शिक्षणावरील खर्च आज करावा लागतो आणि त्याचे फळ काही वर्षांनी मिळते. हे अंतर कर्जाने भरून काढता येते. परंतु शिक्षणासाठी दिलेल्या कर्जात बँकेला तारण म्हणून ठेवून घेता येईल अशी वस्तू नसते. घर किंवा वाहन जप्त करता येते, ज्ञान जप्त करता येत नाही. त्यामुळे बाजारावर सोपवल्यास हे कर्ज ज्यांच्याकडे मालमत्ता आहे त्यांनाच मिळते आणि ज्यांना त्याची खरी गरज आहे ते वंचित राहतात. अर्थशास्त्रात याला पतबाजाराचे अपयश म्हणतात. शैक्षणिक कर्जात शासनाने हस्तक्षेप करावा, या मागणीचा मुख्य आधार हाच आहे. गरजाधारित बिनव्याजी कर्ज हा त्या हस्तक्षेपाचा एक प्रकार होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कर्जरूपाने शिक्षणास साह्य करण्याची कल्पना भारतात जुनी आहे. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये स्थापन केलेल्या निधीतून परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्त्या दिल्या जाऊ लागल्या. परतफेडीची रक्कम पुढील विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावी, हे त्यामागील सूत्र होते. ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर हे या निधीचे एक लाभार्थी होते.

परतफेड पैशांऐवजी सेवेच्या रूपाने घेण्याचेही उदाहरण आहे. बडोदा संस्थानने १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा करावी, अशी त्यात अट होती. १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले. परंतु अस्पृश्यतेच्या जाचामुळे त्यांना राहण्यास जागाही मिळेना व अल्पावधीतच त्यांना बडोदा सोडावे लागले. परतफेडीची क्षमता केवळ पदवीवर अवलंबून नसते. पदवीधराला समाज आणि श्रमबाजार काम करू देतात की नाही, यावरही ती अवलंबून असते, हा या प्रसंगाचा आर्थिक अर्थ आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र शासनाने १९६३ मध्ये राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना सुरू केली. गुणवत्ता व आर्थिक गरज या दोन्ही निकषांवर दिले जाणारे हे कर्ज पूर्णतः बिनव्याजी होते. शिक्षकी पेशा पत्करणाऱ्यास सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी कर्जाचा एक-दशांश भाग माफ होत असे. मात्र वसुलीची जबाबदारी राज्यांच्या शिक्षण खात्यांकडे होती आणि त्यासाठी लागणारी यंत्रणा त्यांच्याकडे नव्हती. वसुली अत्यल्प राहिली, महागाईने उरलेल्या रकमेचे मूल्य घटत गेले आणि १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ही योजना बंद पडली.

बँकांमार्फत कर्जपुरवठा

पुढील टप्प्यात कर्ज देण्याचे काम बँकांकडे आले. भारतीय बँक संघाची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना २००१ मध्ये अमलात आली. तीनुसार ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही. २००९-१० पासून केंद्र शासनाने व्याज अनुदान योजना सुरू केली. ज्यांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न ४.५ लाख रुपयांपर्यंत आहे, अशा तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांचे परतफेड-स्थगिती काळातील, म्हणजे अभ्यासक्रमाचा कालावधी व त्यानंतरच्या एका वर्षाचे, व्याज शासन भरते. २०१५ मध्ये पतहमी निधी योजना आली. तीत ७.५ लाख रुपयांपर्यंतच्या विनातारण कर्जापैकी थकीत रकमेच्या ७५ टक्क्यांची हमी दिली जाते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना हा यापुढचा टप्पा होय. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदाराविना कर्ज मिळावे, अशी तरतूद तीत आहे. ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आणि अन्य शासकीय शिष्यवृत्ती वा व्याज-सवलत न घेणाऱ्या विद्यार्थ्यांना १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर स्थगिती काळात ३ टक्के व्याज-सवलत मिळते. दरवर्षी १ लाख विद्यार्थ्यांना ही सवलत देण्याचे उद्दिष्ट असून २०२४-२५ ते २०३०-३१ या काळासाठी ३,६०० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली.

छत्तीसगढचा प्रयोग

राज्य पातळीवरील प्रयत्नांत छत्तीसगढची मुख्यमंत्री उच्च शिक्षा ऋण ब्याज अनुदान योजना अभ्यासनीय आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाख रुपयांपर्यंत असलेल्या राज्यातील विद्यार्थ्यांना तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर केवळ १ टक्का व्याज आकारण्याची तरतूद झाली. उर्वरित व्याजाचा भार राज्य शासनाने उचलला. नक्षलग्रस्त जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांसाठी हे कर्ज पूर्णतः बिनव्याजी ठेवण्यात आले. म्हणजे गरज ठरवताना कुटुंबाच्या उत्पन्नाबरोबर प्रदेशाच्या मागासलेपणाचाही विचार झाला. विजापूर किंवा दंतेवाड्याच्या विद्यार्थ्याला महाविद्यालयापर्यंत पोहोचण्यासाठी जी किंमत मोजावी लागते, ती रायपूर शहरातील विद्यार्थ्यापेक्षा अधिक असते, हे यात गृहीत धरले आहे.

योजनेचा आर्थिक परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. रायपूरमधील पंडरी हा भाग कापडबाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथील एका दुकानातील नोकराचे वेतन दरमहा १५,००० रुपये, म्हणजे वर्षाला १.८ लाख रुपये आहे आणि घरात दुसरी मिळकत नाही, असे मानू. त्याच्या मुलीने चार वर्षांच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी दरवर्षी १ लाख याप्रमाणे ४ लाख रुपयांचे कर्ज घेतले. व्याजदर १० टक्के, स्थगिती काळात सरळव्याज आणि त्यानंतर १० वर्षांत समान मासिक हप्त्यांनी परतफेड असे धरल्यास पुढील चित्र दिसते.

१. कोणतीही सवलत नसल्यास : पाच वर्षांत १.४ लाख रुपये व्याज साचते. कर्ज ५.४ लाखांवर जाते आणि मासिक हप्ता सुमारे ७,१४० रुपये होतो.

२. केवळ स्थगिती काळातील व्याज शासनाने भरल्यास : कर्ज ४ लाख रुपयेच राहते व हप्ता सुमारे ५,२९० रुपये होतो.

३. संपूर्ण कालावधीत १ टक्का व्याज असल्यास : हप्ता सुमारे ३,६३० रुपये होतो.

४. पूर्णतः बिनव्याजी कर्ज असल्यास : हप्ता सुमारे ३,३३० रुपये होतो.

पहिल्या नोकरीत दरमहा १५ ते २० हजार रुपये मिळवणाऱ्या पदवीधरासाठी ७,१४० आणि ३,३३० रुपये यांतील अंतर निर्णायक ठरते. पहिल्या हप्त्यात वेतनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग खर्ची पडतो. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात जात आहे, तेथे या भीतीनेच प्रवेशाचा विचार सोडून दिला जाऊ शकतो.

बिनव्याजी म्हणजे विनाखर्च नव्हे

विद्यार्थ्याकडून व्याज घेतले नाही तरी पैशाची किंमत कोणीतरी मोजतच असते. वरील उदाहरणात ३,३३० रुपयांच्या १२० हप्त्यांचे, १० टक्के दराने परतफेडीच्या प्रारंभी काढलेले वर्तमान मूल्य सुमारे २.५२ लाख रुपये भरते. म्हणजेच ४ लाखांपैकी जवळजवळ दीड लाख रुपये हे प्रच्छन्न अनुदानच आहे. त्यात स्थगिती काळातील व्याजाचा भार वेगळा. हे अनुदान गरजूंपर्यंत पोहोचले तर ते समर्थनीय ठरते. सरसकट दिल्यास ज्यांना व्याज परवडते त्यांनाही त्याचा लाभ होतो. ‘गरजाधारित’ या शब्दाचे महत्त्व यामुळेच आहे.

मात्र गरज मोजणे सोपे नाही. पंडरीच्या त्याच नोकराचे वेतन १७,००० रुपये झाले, तर वार्षिक उत्पन्न २.०४ लाख रुपये होते आणि २ लाखांच्या मर्यादेमुळे संपूर्ण सवलत जाते. ४ हजार रुपयांनी मर्यादा ओलांडणाऱ्या कुटुंबाचे नुकसान लाखाच्या घरात जाते. शिवाय मर्यादा महागाईशी जोडली नसेल तर पात्रतेचा परीघ आपोआप आकसतो. केंद्रीय योजनेची २००९-१० मधील ४.५ लाखांची मर्यादा २०२४ मध्येही तीच राहिली. या काळात वाढलेल्या किमतींचा विचार करता वास्तव उत्पन्नाच्या दृष्टीने ही मर्यादा बरीच खाली आली आहे.

दुसरी मर्यादा अभ्यासक्रमांची आहे. व्याज अनुदान तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणाभोवती केंद्रित आहे, तर पीएम-विद्यालक्ष्मी निवडक संस्थांपुरती आहे. साध्या महाविद्यालयात कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेची पदवी घेणारा गरीब विद्यार्थी या दोन्हींच्या बाहेर राहतो. त्याचे शुल्क कमी असले, तरी गाव सोडून शहरात राहण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी हा त्याच्यावरील मोठा भार असतो. अशा विद्यार्थ्यांसाठी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रुजवलेली ‘कमवा व शिका’ योजना आणि शिष्यवृत्त्या हे कर्जापेक्षा अधिक सुरक्षित मार्ग ठरतात.

अन्य देशांचा अनुभव

न्यूझीलंडने २००६ पासून देशात राहणाऱ्या कर्जदारांसाठी विद्यार्थी कर्ज बिनव्याजी केले. जर्मनीत गरजू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या नियमित साह्याचा अर्धा भाग अनुदान व अर्धा भाग बिनव्याजी कर्ज असतो. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये उत्पन्नाधारित परतफेडीची पद्धत स्वीकारली. तेथे वास्तव व्याज आकारले जात नाही, थकीत रक्कम केवळ निर्देशांकानुसार वाढते आणि उत्पन्न ठरावीक पातळीवर गेल्यानंतरच करयंत्रणेमार्फत वसुली होते. नोकरी गेल्यास हप्ता आपोआप थांबतो. भारतात मोठा श्रमिकवर्ग असंघटित क्षेत्रात असून अनेकांच्या उत्पन्नाची नोंद करयंत्रणेत होत नसल्याने ही पद्धत जशीच्या तशी लागू करणे अवघड आहे.

समारोप

१९६३ च्या योजनेत व्याज नव्हते, पण वसुलीची यंत्रणाही नव्हती. २००१ नंतरच्या व्यवस्थेत बँकांची यंत्रणा आली, पण व्याजाचा भार आला. व्याज अनुदान व पतहमी या दोन साधनांनी या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रयत्न झाला आहे. त्याला पूर्णत्व येण्यासाठी उत्पन्नमर्यादा महागाईशी निगडित करणे, मर्यादेजवळ सवलत एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने कमी करणे, स्थगितीनंतरही अल्प वेतन असलेल्यांना हप्त्यात दिलासा देणे आणि सामान्य पदवी अभ्यासक्रमांचा समावेश करणे आवश्यक आहे. कर्जाची परतफेड अखेर रोजगारातून होते. म्हणून महाविद्यालयांचा दर्जा व स्थानिक रोजगारनिर्मिती यांकडे दुर्लक्ष करून केवळ व्याज माफ केल्यास विद्यार्थ्याच्या डोक्यावरील मुद्दल तसेच राहील.

सरावासाठी प्रश्न

१. शैक्षणिक कर्जाच्या बाबतीत पतबाजार अपयशी का ठरतो?

२. व्याज अनुदान व पतहमी यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.

३. ‘बिनव्याजी कर्ज हे प्रच्छन्न अनुदान आहे.’ चर्चा करा.