जोडीने सायकल, अधूनमधून बस : थोडं गणित

सायकलवर जग फिरणाऱ्या जोडप्यांचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. मागे बर्फाचे डोंगर, पुढे दोन सायकली आणि दोघंही हसतायत! त्यातला पुढे कोण होता, मागे कोण होतं आणि मागचा माणूस पुढच्याला शेवटचं काय बोलला, हे मात्र फोटोत दिसत नाही. हा लेख त्याबद्दल आहे. (थोडी मेकॅनिक्स येईल. इतर ब्रँचच्या मंडळींनी घाबरू नये, बारावीपुरतीच आहे.)

या प्रकाराची आद्य जोडी म्हणून मला फॅनी बुलक वर्कमन आणि तिचा नवरा विल्यम हंटर वर्कमन यांचं नाव घ्यावंसं वाटतं. दोघं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे. तो डॉक्टर, तिच्यापेक्षा १२ वर्षांनी मोठा. १८८९ मध्ये तब्येतीमुळे त्याने प्रॅक्टिस सोडली आणि ते युरोपात आले. मग सायकलवर अल्जीरिया, स्पेन आणि १८९७ पासून पुढे आपल्याकडे! हिंदुस्थान, सिलोन, ब्रह्मदेश, जावा. १९०४ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच १४ हजार मैल हा आकडा आहे, म्हणजे साधारण साडेबावीस हजार किलोमीटर. एका दिवसात ४० पंक्चर काढल्याचीही नोंद आहे. आणि फॅनी हे सगळं लांब स्कर्ट घालून करत होती.

आता टायमिंग बघा. दोन सारख्या चाकांची, मागे चेन असलेली 'रोव्हर' सायकल स्टार्लीने आणली १८८५ च्या सुमारास. डनलॉपचा हवेचा टायर १८८८ चा. म्हणजे वर्कमन जोडपं आलं तेव्हा ही टेक्नॉलॉजी जेमतेम दहा वर्षांची होती. आजच्यासारखे डिरेलर गिअर नव्हतेच. चढ आला की उतरायचं आणि ढकलायचं. त्यांनी इथल्या लोकांबद्दल, हमालांबद्दल जे लिहिलंय ते वाचताना राग येतो, साहेबी तोरा जागोजागी आहे. ते मी माफ करणार नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पुढे हिमालयातल्या मोहिमांमध्ये दोघांनी कामं वाटून घेतली होती. एका वर्षी एकाने सगळी व्यवस्था बघायची आणि दुसऱ्याने मोजमापं, पुढच्या वर्षी उलट. पन्नाशी ओलांडलेला नवरा आणि चाळिशीतली बायको वर्षानुवर्षं एकत्र का टिकली, याचं उत्तर मला तरी त्या वाटणीत दिसतं.

वाटणीचा हा प्रश्न माझ्याकडे आला तो घरातूनच. माझी मावसबहीण आणि भावोजी दक्षिण अमेरिकेत पॅटागोनियात सायकलने जायचं ठरवतायत. दिवाळीत सगळे जमलो होतो तेव्हा कळलं की ताई जवळजवळ नाही म्हणण्याच्या बेतात आहे. सिंहगडाच्या घाटात प्रॅक्टिसला गेले की भावोजी वर जाऊन वाट बघत बसणार आणि ही घामाघूम होऊन पोचली की ते ताजेतवाने उठून म्हणणार, "चला!" म्हणजे विश्रांती त्यांनाच. "एवढ्या लांब जाऊन रोज कुणालातरी थांबवून ठेवायचं असेल तर तू एकटाच जा," असं ती त्यांना स्पष्ट म्हणाली. मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, तू इंजिनिअर होणार ना, काढ काहीतरी! म्हणून वही काढली.

चढावर हवेचा विरोध जवळजवळ नसतो, कारण वेगच कमी. तिथे सगळी ताकद वजन वर उचलण्यात जाते. म्हणजे वेग = पॉवर भागिले एकूण वजन, या प्रमाणात. ताई ५५ किलो, भावोजी ७५. घरातल्या साध्या चाचणीवरून तासन्‌तास टिकेल अशी पॉवर धरली ताईची ८० वॅट आणि भावोजींची १२५. प्रत्येकी सायकल १५ किलो, आणि तंबू, स्टोव्ह, कपडे, खाणं मिळून सामान ४० किलो. आत्तापर्यंत ते 'समानता' म्हणून वीस-वीस किलो घेत होते. मग ताईकडे एकूण ९० किलो आणि ८० वॅट, भावोजींकडे ११० किलो आणि १२५ वॅट. भागाकार करून बघा : जो चढ भावोजी एका तासात चढतात त्याला ताईला एक तास सतरा मिनिटं लागतात. ती सतरा मिनिटं म्हणजेच यांच्या घरातलं भांडण!

आता ताईच्या सामानाला 'क्ष' धरा आणि दोघांचा भागाकार सारखा करा. क्ष येतो ८ किलो. म्हणजे ताईने ८ घ्यायचे आणि भावोजींनी ३२. हे ऐकून भावोजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण एकूण वजन बघा ना, ताई ७८ किलो ८० वॅटवर आणि भावोजी १२२ किलो १२५ वॅटवर. दोघं सोबत वर पोचणार. वीस-वीस दिसायला समान होतं, पण ते सामान समान होतं, कष्ट नव्हेत.

डोंगर सुटला. पण पॅटागोनियाचा खरा शत्रू डोंगर नाहीच, वारा आहे. दक्षिण गोलार्धात चाळीस ते पंचावन्न अक्षांशांच्या पट्ट्यात दक्षिण अमेरिकेचं टोक सोडलं तर जमीन जवळजवळ नाही. त्यामुळे पश्चिमेचा वारा समुद्रावरून बिनअडथळा येतो. अँडीज पर्वतावर तो पाऊस टाकतो आणि पलीकडच्या कोरड्या, उघड्या पठारावर सुसाट सुटतो. तिथे आडोशाला झाडसुद्धा मिळत नाही.

इथे वजनाची वाटणी कामाला येत नाही, कारण वाऱ्याला तुमचं वजन दिसत नाही, फक्त समोरचा आकार दिसतो. हवेचा जोर सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. माणूस, सायकल, बॅगा मिळून १०० किलो आणि हवेला अडणारा आकार साधारण ०.६ चौरस मीटर धरा. वारा नसताना ताशी १८ किलोमीटरला हवा आणि रस्ता मिळून ८४ वॅटच्या आसपास लागतात. बरंय, जमेल. आता समोरून ताशी ३६ किलोमीटरचा वारा सोडा, जो तिथे काही वादळ मानला जात नाही. तोच वेग ठेवायला लागतात ४४० वॅटच्या वर! एवढी पॉवर साध्या माणसाकडे तासभरसुद्धा नसते. उलट शंभर वॅटच लावायचे ठरवले तर वेग येतो ताशी ६ किलोमीटर, म्हणजे भरभर चालण्याइतका. आणि तोच वारा पाठीवर असेल तर त्याच शंभर वॅटमध्ये सपाटीवर कागदावर चाळिशी गाठता येते. हे उत्तर मी दोनदा तपासलं.

समोरच्या वाऱ्यावर जोडीला एक उपाय आहे, पाठोपाठ चालवायचं. पुढच्याने हवा फोडायची, मागच्याने त्याच्या आडोशाला राहायचं. म्हणजे डोंगरात भावोजींनी बॅगा घ्यायच्या, वाऱ्यात नंबर पहिला घ्यायचा. (ते म्हणाले, "आणि तुझी ताई काय करणार?" ताई म्हणाली, "नकाशा बघणार.") पण वारा बाजूने आला की हा आडोसाही तिरका सरकतो. त्यात राहायचं तर रस्त्याच्या मधोमध यावं लागतं आणि मागून ट्रक येत असतात. तिथे बॅगाही उपयोगाच्या नाहीत, पाठोपाठही नाही. तिथे एकच उत्तर उरतं, बस.

यांच्या वाटेवरचा एल चाल्तेन ते एल कालाफाते हा सुमारे २१५ किलोमीटरचा तुकडा अगदी नमुनेदार आहे. पहिले ९० किलोमीटर पूर्वेला, म्हणजे वारा पाठीवर, नुसती मजा. मग रूटा ४० या महामार्गाने दक्षिणेला, वारा बाजूने. आणि शेवटी साधारण ३० किलोमीटर परत पश्चिमेला, वारा थेट तोंडावर. सहाच्या वेगाने हे शेवटचे तीस म्हणजे पाच तास.

भावोजींचा बसला विरोध होता. त्यांना नकाशावर सलग रेघ हवी, मधे तुटलेली चालणार नाही. मला हे पटत नाही. वर्कमन जोडपं सिलोनला आणि जाव्याला काय पाण्यावर सायकल चालवत गेलं? बोटीनेच ना! फ्रान्सचे क्लोद आणि फ्रान्सवाझ एर्वे १९८० ते १९९४ अशी चौदा वर्षं सायकलवर जगभर फिरले. वाटेत त्यांना मुलगी झाली आणि पुढचा प्रवास तिच्यासकट केला. समुद्र त्यांनाही ओलांडावे लागलेच. समुद्राला सूट द्यायची आणि वाऱ्याला नाही, हा कुठला नियम?

ताईचा निकाल असा झाला : या तुकड्याला बस, पाठीवरच्या वाऱ्याचे ते फुकटचे नव्वद किलोमीटर सोडावे लागले तरी. बाकी सगळं सायकलने, ८ आणि ३२ किलो घेऊन. आणि ती जाणार आहे. भावोजींनी 'बघू' म्हटलंय, पण बसमध्ये सायकल कशी ठेवतात ते मात्र मला दोनदा विचारलं.

तर ते सांगते. डिकीत जागा आहे का हे ड्रायव्हरला आधीच विचारून घ्यावं, आणि लवकर जावं. मागची चेन सगळ्यात मोठ्या चक्रावर आणावी, म्हणजे डिरेलर आत सरकतो आणि वाकत नाही. पुढचं चाक काढून फ्रेमला बांधावं, मधे पुठ्ठा घालावा. रिकाम्या फोर्कच्या टोकांमध्ये लाकडाचा तुकडा अडकवावा. हँडल वळवून फ्रेमला समांतर करावं. सायकल आडवी ठेवली तर चेनची बाजू वर. आणि पेडल काढताना लक्षात ठेवा, उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. डावं पेडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं तरच सुटतं. बस सुटायला पाच मिनिटं असताना त्यावर जोर काढत बसू नये.