क्रीम फाटतं कशानं?

प्रश्न: कामावरून गिंडीच्या घरी पोचायला आठ वाजतात. झटपट चिकन पास्ता करते, पण क्रीम फाटतं. काय चुकतं? – एक वाचक, चेन्नई

उत्तर: खोक्यातल्या क्रीममध्ये स्निग्धांश साधारण 25 टक्के, ते खळखळून उकळलं किंवा त्यात लिंबू पडलं की फुटतं. बोनलेस चिकनचे पातळ काप लसणीबरोबर लोण्यात परतून पूर्ण शिजवा. पास्ता किंचित कच्चा असतानाच काढा, त्याचं वाटीभर पाणी मात्र ओतून देऊ नका. त्यातल्या स्टार्चनं सॉस छान मिळून येतो. चिकनमध्ये पास्ता आणि ते पाणी घालून जरा आटवा, गॅस अगदी मंद करा, मगच क्रीम. क्रीम संपलंय? चमचाभर मैदा लोण्यात भाजून हळूहळू आविनचं दूध घाला, ढवळत राहा. मला तर तोच सॉस जास्त आवडतो. मिरपूड भरडच हवी.