लसूण खा, पण डॉक्टरांना सांगून

आमच्या हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या घरात मराठवाड्याची लसूण-खोबऱ्याची चटणी आणि शेजारच्या अम्मांची वेल्लुल्ली आवकाय (लसूण घातलेलं कैरीचं लोणचं), दोन्ही बारा महिने असतात. सासऱ्यांना स्टेंट बसला, तेव्हा त्यांच्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलच्या गोळ्या सुरू झाल्या. कुणीतरी सुचवलं, "उपाशीपोटी लसूण खा, रक्त पातळ राहतं." मग पहाटे चार-पाच कच्च्या पाकळ्या, वर लसणाच्या कॅप्सूल. पुढे दाढ काढली आणि रात्र झाली तरी रक्त थांबेना. दंतवैद्यांना त्यांनी गोळ्यांची यादी दाखवली होती, त्यात लसूण नव्हता. दोष एकट्या लसणाचा नव्हे. रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या होत्याच, त्यांना तिसऱ्याची जोड मिळाली.

लसूण गुणी आहे, यात वाद नाही. पाकळी ठेचली की तिच्यात ॲलिसिन तयार होतं. अख्खी गिळली तर तितका उपयोग नाही. म्हणून ठेचून दहा मिनिटं ठेवावा, मग फोडणीत घालावा. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे, त्यांचा तो लसणाने थोडा उतरतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. कोलेस्टेरॉलचं मात्र तसं नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी सहा महिने कच्चा लसूण किंवा त्याच्या गोळ्या घेतल्या, तरी वाईट कोलेस्टेरॉल कमी झालं नाही.

तेव्हा चार गोष्टी सांभाळा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर जेवणातला लसूण खुशाल खा; कच्च्या लसणाचा रतीब आणि कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. दात काढण्याआधी, शस्त्रक्रियेआधी लसणाचंही सांगा आणि तो किती दिवस बंद ठेवायचा ते विचारा. लसूण सुरू केला म्हणून रक्तदाबाची किंवा स्टेंटची गोळी स्वतःच्या मनाने कधीही सोडू नका. आणि आवकायमधून लसणाबरोबर मीठही पोटात जातं, हे विसरू नका. आपल्याच तारनाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला 5 ग्रॅम मिठाची मर्यादा सांगितली आहे. रक्तदाबासाठी लसूण खायचा आणि लोणच्याची फोड दुसऱ्यांदा घ्यायची, यात हिशेब जुळत नाही.

छातीत दुखलं, घाम फुटला, तर लसूण सोलत बसू नका. लगेच 108 ला फोन करा.