दिवसाची कमाई, रात्रीची शिदोरी

मंडळी, पिकावर औषध फवारणारा ड्रोन आता पुष्कळांनी पाहिला असेल. दहा-पंधरा मिनिटं झाली की तो खाली येतो. बॅटरी संपते. मग वाटतं, वर एवढं ऊन फुकट पडतंय. ड्रोनच्या पाठीवर सोलर प्लेट बसवली, तर तो दिवसभर उडणार नाही का?

आपण हिशेब करू. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॉट ऊन पडतं. प्लेट त्याच्या पाचव्या हिश्श्याची वीज करते. म्हणजे २०० वॉट. औषधाची टाकी उचलणाऱ्या ड्रोनला मात्र काही हजार वॉट लागतात. मिळकत दोनशेची आणि खर्च हजारांचा. असा संसार चालेल काय?

तर आधी खर्च कमी केला पाहिजे. आकाशातली घार पाहा. ती पंख पसरून तरंगते. फार फडफडत नाही. फवारणीच्या ड्रोनचे पंखे सगळा भार सारखा उचलून धरतात. म्हणून त्याला वीज फार लागते. लांब पंखांच्या विमानाला थोडी पुरते.

ब्रिटनमध्ये 'झेफर' नावाचं असं बिनमाणसाचं विमान तयार झालं. त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत २५ मीटर. वजन मात्र ७५ किलोच्या आत. म्हणजे पाऊण क्विंटलही नाही! पंखांवर सोलर प्लेटा. ते ६०,००० फुटांच्या वर उडतं. ढग, पाऊस सारे खाली राहतात. दिवसा ते उन्हावर चालतं, बॅटरी भरतं आणि आणखी उंच चढतं. रात्री बॅटरीवर चालतं आणि हळूहळू खाली उतरतं. चढलेली उंची हीसुद्धा शिल्लकच! २०२२ साली ते अमेरिकेतल्या अरिझोनातून उडालं आणि ६४ दिवस वर राहिलं.

बॅटरी जड असते. म्हणून अमेरिकेच्या नासा संस्थेने 'हेलिऑस' या विमानात दोन शक्ती जोडल्या. दिवसा ऊन, रात्री हायड्रोजन वायूपासून वीज. वीज करणारी जड पेटी २४७ फूट लांब पंखाच्या मध्यावर बसवली. लांब बांबूच्या मध्यावर ओझं टांगून दोघांनी टोकं उचलली, तर बांबू मध्ये वाकतो ना? तसंच झालं. २६ जून २००३ रोजी हवाई बेटांजवळ वारा डचमळला. पंखाची टोकं फार वर गेली, विमान हेलकावे खाऊ लागलं आणि मोडून समुद्रात पडलं. आत कोणी नव्हतं, हे बरं. नव्या ओझ्याचा परिणाम आधी पुरता तपासला गेला नव्हता, असं चौकशीत दिसलं.

यातून आपण काय घ्यावं? नुसती शक्ती वाढवून भागत नाही. वजन किती, ते कुठे ठेवलं आणि रात्रीची सोय काय, हेही पाहावं लागतं. उद्या कोणी म्हणाला, "हा सोलरचा ड्रोन दिवसभर फवारतो," तर पैसे देण्याआधी विचारा: प्लेट केवढी? वजन किती? वीज किती लागते? सोलर प्लेटा गोठ्याच्या छपरावर बसवून बॅटऱ्या भरता येतात. तिथे प्लेटांचं ओझं ड्रोनला उचलावं लागत नाही.

प्रश्न
१. झेफर रात्री कशावर चालतं?
२. हेलिऑस का मोडलं?
३. तीन चौरस मीटर प्लेटेतून भर दुपारी किती वॉट वीज मिळेल?